असली चामड्याचा नकली कोट

“सर, तुम्हाला अपग्रेड दिलंय,” हे वाक्य ज्याच्या डोक्यातून निघालं, तो माणूस मला एकदा मे महिन्यात भर दुपारी जळगावात भेटायला हवा. बाकी मी बघतो.

मी मागवला होता कोट. २०१७ साली आलेल्या ‘ब्लेड रनर २०४९’ या हॉलिवूडच्या सिनेमातला, नायक रायन गॉसलिंगच्या अंगावरचा. उंच कॉलर, आत लोकर, कॉलर वर केली की अर्धं तोंड झाकतं. हा कोट बघून कुणालाही वाटतं की मेंढीचं कातडं आहे. पण नाही. त्या सिनेमाचे कपडे रेने एप्रिल या बाईंनी केले. त्यांनी हा कोट सुती कापडाचा शिवून घेतला, कापडावर थर चढवला, वरून रंगवला आणि लोकरसुद्धा खोटी लावली. सिनेमात सतत पाऊस, चिखल, बर्फ; तिथं खऱ्या कातड्याचे हाल झाले असते. म्हणजे या एका कोटापुरतं जगाचं गणित उलटं आहे. कापसाचा तो असली आणि चामड्याचा तो नकली.

हे वाक्य मी आतापर्यंत बायकोला, शेजाऱ्यांना, टेलर मास्तरला आणि कस्टमर केअरच्या एका मुलीला सांगून पाहिलंय. चौघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव उमटला. माझ्या घरच्यांशी बोलायला हवं, असा.

“जळगावात कोट कशाला?” हा प्रश्न आधीच निकालात काढतो. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे चांगली हुडहुडी भरते, लोक पहाटे शेकोटीला बसतात. आणि समजा नसती भरली थंडी, तरी माणसाला काही हौस असते की नाही? गल्लीतल्या एकानं घरापुढे विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी बांधलीय, त्याला कुणी विचारलं नाही की कुठं उडणार म्हणून.

तर असा कोट शोधणं हे काम आहे, आणि कष्टाचं आहे. नेटवर डझनावारी दुकानं आहेत आणि सगळ्यांकडे फोटो एकच, खुद्द सिनेमातला. फरक एवढाच की कुणी गॉसलिंगचं डोकं कपाळापासून कापलंय, कुणी नाकापासून. ज्यानं हनुवटी तरी शिल्लक ठेवली होती, तो मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटला. मग सिनेमा थांबवून थांबवून बघायचा. खिसा किती खाली, खांद्याची शिवण कुठं, कॉलर कानाच्या वर जाते की खाली. एका दुकानाच्या कोटाला कॉलर बरोबर तर लोकर पांढरीशुभ्र. दुसऱ्याची लोकर ठीक तर कोट कमरेलाच संपला. या उद्योगात माझा चश्म्याचा नंबर वाढला आणि बायकोला संशय आला की मी रात्री शेअर मार्केट खेळतो.

रंगाचं तर बोलूच नका. सिनेमातले कपडे हुबेहूब मिळवायच्या या छंदातल्या लोकांची सगळ्यात जुनी भांडणं रंगावरूनच आहेत. १९८० च्या ‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या ‘स्टार वॉर्स’ सिनेमात हॅन सोलो हा नायक बर्फात जो जाड कोट घालतो, तो पडद्यावर निळा दिसतो. त्याच सुमारास खेळण्यांच्या कंपनीनं बाहुला काढला, तोही निळ्या कोटाचा. पोरं निळा बघत मोठी झाली. आणि मूळ कोट म्हणे तपकिरी! नॉर्वेच्या बर्फातला उजेड आणि फिल्मची करामत. यावर जगभरची घोडी झालेली माणसं अजून हमरीतुमरीवर येतात, आणि मी निळ्याच्या बाजूचा आहे. जे पडद्यावर दिसलं ते खरं. कपाटात काय टांगलं होतं त्याच्याशी मला काय करायचंय?

(हाच न्याय लावला तर माझा चामडी कोटही चालायला हवा, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. कापडाची गोष्ट वेगळी, रंगाची वेगळी.)

शेवटी एक दुकान सापडलं. त्यानं स्वच्छ लिहिलं होतं, ‘सिनेमात आहे तसा सुती, वरून थर दिलेला’. साडेसात हजार भरले. पार्सल फोडलं आणि घरभर नव्या रिक्षाच्या सीटचा वास सुटला. आत चिठ्ठी: ‘अभिनंदन! आपल्याला जेन्युइन लेदरमध्ये मोफत अपग्रेड करण्यात आले आहे.’ वर खांदे असे की आत मी आणि माझा मेहुणा दोघं मावू.

परत पाठवण्याआधी निदान खांदे उतरवून बघू, म्हणून मार्केटमधल्या अल्टरवाल्या मास्तरकडे गेलो. पारा ४४. लाइट गेलेली. मास्तर म्हणाला, “अंगात घाला दादा, त्याशिवाय माप कळत नाही.” घातला. “चेन लावा.” लावली. त्यानं खडूनं दोन्ही खांद्यांवर रेघा मारल्या आणि म्हणाला, “काढा आता.”

चेन निघेना. रनर बरोबर छातीच्या मधोमध अडकला, ना वर ना खाली. मास्तरनं मेणबत्ती शोधायला घेतली आणि त्या पाच फूट रुंद गाळ्यात, गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या कोटात, घामानं थबथबून मी उभा. १९८९ च्या ‘बॅक टू द फ्यूचर’च्या दुसऱ्या भागात २०१५ सालचं जॅकेट दाखवलंय. ते घालणाऱ्याच्या मापाचं आपोआप होतं, भिजलं तर गरम हवा सोडून स्वतःच वाळतं आणि वाळल्याचं बोलूनही दाखवतं. २०१५ येऊन गेलं. मास्तरला मेणबत्ती सापडत नव्हती.

आणि बाकड्यावर नाना बसले होते.

नाना म्हणजे अमळनेरकडचे, बोलणं अहिराणी. पांढरी टोपी, हातात पिशवी. बंडीला आतून चोरखिसा लावून घ्यायला आले होते. आयुष्य कापडाच्या मिलमध्ये गेलं, हे त्यांनी मला न विचारता सांगितलं. आधी बराच वेळ ते नुसते बघत होते. मग म्हणाले, “भाऊ, थंडीताप शे का?”

“नाही नाना. कोट आहे.”

“कोट शे ते दखाय राह्यना. आंगात कसाले?”

मी सांगितलं, सिनेमातला आहे. शेजारून ब्लाउज न्यायला आलेल्या ताई म्हणाल्या, “क्रिशचा का?” त्यांच्या पोरानं लगेच मोबाइल वर धरला. मी म्हणालो, नाही, इंग्रजी आहे, २०४९ सालची गोष्ट आहे. नानांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “तवपर्यंत मी काही नही ऱ्हात,” म्हणाले. “कितलाले लिधा?”

आकडा ऐकून गाळ्यात शांतता पसरली. मास्तरचं मेणबत्ती शोधणंसुद्धा थांबलं. आता खरं तर गप्प बसायचं. पण मला वाटलं, कापडाच्या मिलमधला माणूस आहे, याला तरी कळेल. म्हणून सगळं सांगितलं. मूळ कोट सुती कसा, मी सुती मागवला कसा, आणि यांनी चामडं पाठवलं कसं.

नाना विचारात पडले. “तुले कापूस जोयजे व्हता.”

“हो.”

“त्यानी चामडं दिधं.”

“हो ना!”

“पैसा जास्त लिधा?”

“नाही, तेवढ्यातच.”

“मंग रडस कसाले?” नाना ताईंकडे वळले. “अवो, हाऊ कापसाना पैसा दिसन चामडं लयना, तरी रडी राह्यना!” ताई हसल्या. पोरगं मोबाइल घेऊन आणखी जवळ आलं.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सिनेमातल्या बाईंनी सुती कापड घेतलं, पाणी लागू नये म्हणून त्यावर थर दिला, मग वरून रंगवलं. नानांनी हात वर करून मला थांबवलं. चेहरा उजळला होता.

“कापूस. त्यावर लेप. त्यावर रंग. पानी लागत नही.”

“बरोबर!”

“भाऊ, हाई तं ताडपत्री शे!”

अख्खा गाळा हसला. बाजार समितीत मक्याच्या ढिगावर, केळीच्या ट्रकवर टाकतात ती. आणि माझं खरं दुखणं हे आहे की मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. रात्री पडल्या पडल्या विचार करतो की हॉलिवूडच्या कोटात आणि ताडपत्रीत नेमका फरक काय सांगायचा, आणि झोप उडते.

एवढ्यावर थांबले असते तर ते नाना कसले. त्यांनी उठून कोटाची बाही दोन बोटांत धरली, चोळली, नाकाला लावली. “हाई चामडं नही. रेगझिन शे.” मी म्हणालो, चिठ्ठीत लिहिलंय. “चिठ्ठी कोन लिखस? इकनारा.” मग कॉलरच्या लोकरीतला एक धागा उपटला आणि मास्तरला म्हणाले, “काडेपेटी दे.” मेणबत्ती सापडत नव्हती, पण काडेपेटी मास्तरच्या खिशातच होती.

“नाना, कोट अंगावर आहे माझ्या!”

“एक धागा शे. काय व्हई?”

हे मात्र सांगायला हवं, म्हातारा पक्का होता. आधी त्यांनी स्वतःच्या उपरण्याचा सुती धागा पेटवला. तो भुरूभुरू जळला, कागद जळाल्यासारखा वास आला, चिमूटभर राखाडी राख राहिली आणि फुंकरीनं उडाली. मग माझ्या लोकरीचा धागा. तो जाळ जवळ येताच आधी मागे सरला, आक्रसला, वितळला, आणि टोकाला काळा टणक मणी झाला. नानांनी तो नखांमध्ये दाबून दाखवला. फुटला नाही. “लोकर जळी तं केसना वास येस. हाई प्लास्टिक.”

गंमत बघा. सिनेमातल्या कोटाची लोकरही खोटीच होती. म्हणजे दुकानदारानं लोकरीत फसवलं म्हणूनच ती बरोबर निघाली.

मग नानांनी खिशाच्या आतली कड उलटी केली. रेगझिनच्या मागे कापड असतंच. क्षणभर मला आशा वाटली. मागचं कापड सुती निघालं तर काय हरकत आहे? सुती कापड, वर थर, वर रंग, सिनेमात तरी दुसरं काय होतं! नानांनी कडेचा धागा ओढला आणि काडी लावली. पुन्हा काळा मणी. ज्या जिल्ह्यात दिवाळीनंतर जिनिंगवर कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात, तिथं उभ्या असलेल्या या साडेसात हजारांच्या कोटात कापसाचं बोंड तर सोडाच, सरकीएवढासुद्धा अंश नव्हता. आणि दुसऱ्या धाग्याच्या वेळी जाळ खिशाच्या कडेला जरासा लागलाच. करंगळीच्या नखाएवढं भोक. “धुयाई जाई,” नाना म्हणाले. भोक धुतल्यानं कसं जाणार, हे मी विचारलं नाही.

मेणबत्ती सापडली. मास्तरनं चेनवर घासली, रनर निघाला. मी बाहेर आलो तेव्हा बनियन पिळावं लागलं. मास्तरनं पन्नास रुपये घेतले. खांदे उतरवलेच नव्हते, पण ‘टाइम गेला ना दादा’.

घरी येऊन फोन लावला. गाणं ऐकवून ऐकवून त्या मुलीनं उचलला. मी म्हणालो, चामडं नाहीये. ती म्हणाली, प्रूफ पाठवा. ताईंच्या पोरानं काढलेला व्हिडिओ तोवर आमच्या गल्लीच्या ग्रुपवर फिरत होताच, ‘ताडपत्रीवाले काका’ या नावानं. मी अजून चाळिशीचा नाही. पण पुरावा म्हणजे पुरावा, म्हणून मान खाली घालून तोच पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘ग्राहकाने मालास आग लावल्याचे आढळल्याने परतावा नाकारण्यात येत आहे.’

खरं सांगतो, इथं माझं हसू संपलं. मागितलं एक, पाठवलं दुसरं, लिहिलं तिसरं, आणि गुन्हेगार मी. रक्कम त्यांच्या हिशेबात किरकोळ असेल. पण अशी किरकोळ रक्कम सोडून देणारे हजारो आहेत, त्याच भरवशावर ही दुकानं चालतात. चूक झाली असती तर मी समजून घेतलं असतं. चिठ्ठीतलं ते ‘अभिनंदन’ मात्र सहन होत नाही.

तेव्हा आता ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. वकील असलेला मित्र म्हणाला, साक्षीदार बघ, कापडातला जाणकार असेल तर उत्तम. म्हणजे नाना. मास्तरकडून पत्ता काढून गेलो. नाना एका पायावर तयार झाले, पण अट घातली.

“कोट घालीसन ये. जजसाहेबले दखाडू. काडेपेटी मी लयसू.”

मित्राला सांगितलंय, तारीख दिवाळीनंतरची माग.