पायथनच्या आधी एसक्यूएल
डेटा ॲनालिटिक्सच्या नोकरीत पहिल्या वर्षी पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आणि मशीन लर्निंग (डेटावरून कॉम्प्युटरला अंदाज बांधायला शिकवणं) यांवर भर द्यावा, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं मत मला पटलं नाही. मी पुण्यात खराडीत ॲनालिस्ट आहे, नुकतंच एक वर्ष झालं. बहुतेक वेळ एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि डेटा साफ करण्यात गेला, आणि तेच शिक्षण मोलाचं वाटतं. ग्राहकांच्या पत्त्यांत हिंजवडी, हिंजेवाडी, नुसतंच 'फेज वन', काहीही लिहिलेलं असतं. नावावरून ग्रुप केलं तर एकाच भागाचे चार तुकडे पडतात, म्हणून आम्ही पिन कोड धरतो, 411057. सरासरी काढताना एसक्यूएल नल, म्हणजे रिकामी नोंद, वगळतं, शून्य मात्र धरतं. रेटिंग न देणाऱ्यांच्या नावावर कोणी शून्य भरलं असेल तर सरासरी कोसळते. जॉइनमध्ये, म्हणजे दोन टेबलं आयडीवरून जोडताना, दुसऱ्या टेबलात तोच आयडी दोनदा असला की त्या ग्राहकाची विक्री दुप्पट दिसते, आणि एरर काही येत नाही! जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजायच्याच.

सगळ्यात जास्त शिकले ते मात्र सेल्सवाल्यांशी बोलून. 'मागचं वर्ष' म्हणजे एप्रिल ते मार्च की जानेवारी ते डिसेंबर? 'चालू ग्राहक' नेमका कोण? आमच्या लीड मॅडम हे लिहून घेतल्याशिवाय क्वेरीला (डेटा काढायच्या एसक्यूएल आज्ञेला) हात लावू देत नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

क्लासमध्ये बहुधा स्वच्छ डेटासेट मिळतात. नव्या मुलामुलींनी सरकारच्या ओपन डेटा पोर्टलवरच्या फाइल्सवर सराव करावा. लेखकाने पुढच्या भागात डेटा साफ करण्यावर सविस्तर लिहावं, ही विनंती.