चक्कर येते हे कळलं, पण कधी येते?

लांब पोस्ट आहे. घरात कुणी सतत गळून गेलेलं असेल आणि तरीही सगळे रिपोर्ट 'नॉर्मल' असतील, तर वेळ काढून वाचा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोक माझ्याकडे खांदा, गुडघा, कंबर दाखवायला येतात आणि व्यायाम करता करता बाकीचं सगळं सांगून टाकतात. विशी-तिशीतल्या मुलींकडून तर एकच कहाणी थोड्याफार फरकाने ऐकू येते. आलेली असते खांदा निखळतो म्हणून. मग कळतं की लोकलमध्ये उभं राहिलं की अंधारी येते, जिना चढायच्या आधीच धडधडतं, आणि पाळीच्या आधीचे दिवस तर विचारूच नका. फाइल जाडजूड असते: थायरॉइड, ईसीजी, टूडी इको, व्हिटॅमिन डी. शेवटच्या कागदावर झोपेची गोळी, आणि तोंडी सल्ला, 'टेन्शन घेऊ नकोस.' घरच्यांचं निदान त्याहून सोपं असतं. नीट जेवत नाही, रात्रभर मोबाइल बघते.

माझं मत असं की आपल्याकडे तपासण्या आधी होतात आणि प्रश्न नंतर विचारले जातात. साठ-सत्तर चाचण्यांचं पॅकेज घरी येऊन रक्त घेऊन जातं, पण हा त्रास आडवं पडल्यावर थांबतो का, हे एका वाक्यात विचारायला कुणाला सवड नसते. आणि तपासायच्या दिशा निम्म्या तरी याच उत्तरातून कळतात. त्या दिशा तीन: स्वायत्त मज्जासंस्था, हार्मोन्स आणि कनेक्टिव्ह टिश्यू, म्हणजे सांधे-त्वचा-रक्तवाहिन्यांना बांधून ठेवणारा आधार.

आपण उभं राहतो तेव्हा साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. ते वर ढकलायला रक्तवाहिन्या आवळणं, नाडी थोडी वाढवणं हे काम स्वायत्त मज्जासंस्था आपल्याला न विचारता करते. तिचं गणित चुकलं की त्रास उभं राहिल्यावर सुरू होतो आणि पडल्यावर ओसरतो. पॉट्स (POTS), म्हणजे उभं राहिल्यावर नाडी नको तितकी पळण्याचा आजार, हा त्यातला आता बराच बोलबाला झालेला प्रकार. १९९३ साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी त्याला हे नाव दिलं. उभं राहिल्यापासून १० मिनिटांत नाडी मिनिटाला ३० ठोक्यांनी किंवा जास्त वाढते, १२ ते १९ वर्षांच्या मुलांमध्ये ४० ठोक्यांनी, आणि वरचं बीपी मात्र २० ने पडत नाही. लक्षणं काही महिने टिकलेली हवीत. रक्त कमी असणं, पाणी कमी पिणं, चालू असलेली औषधं हे सगळं आधी बाजूला काढायला हवं. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांचं हिमोग्लोबिन कमी असताना थेट पॉट्सवर उडी मारण्यात अर्थ नाही.

ही तपासणी घरातल्या बीपीच्या मशीनवरही करता येते. १० मिनिटं शांत पडून बीपी आणि नाडी लिहा, मग उभं राहून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा लिहा. शेजारी कुणीतरी हवंच. गरगरलं तर लगेच बसा, १० मिनिटं पूर्ण करण्याचा हट्ट नको.

हार्मोन्सना तुम्ही उभे आहात की आडवे याची तितकी फिकीर नसते. थायरॉइड जास्त झालेलं असेल तर गाढ झोपेतही नाडी पळत असते, सोबत हात थरथरतात, भूक वाढूनही वजन उतरतं. ॲड्रिनल, म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या गाठीत डोकेदुखी, घाम आणि धडधड यांचा झटका येतो आणि जातो, आणि त्या वेळी बीपी बहुतेकदा चढलेलं असतं. चाळिशीनंतरच्या बाईला रात्री अडीचला घामाने जाग येत असेल तर रजोनिवृत्ती जवळ आली असण्याची शक्यता मोठी. (केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर थायरॉइडची तपासणी करताना तसं लॅबला जरूर सांगा. काही पद्धतींत बायोटिनमुळे रिपोर्ट खोटाच 'थायरॉइड जास्त' दाखवतो.)

दोन हार्मोनचे आजार मात्र या 'उभं-आडवं' नियमाला चकवतात. एक ॲडिसन, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी पुरेसे हार्मोन बनवत नाहीत तो आजार. यातही उभं राहिल्यावर चक्कर येते, पण सोबत वजन उतरतं, खारट खावंसं वाटतं, आणि हाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळे पडू लागतात. आपल्याकडे त्यावर ऊन आणि सनस्क्रीनची चर्चा होते. आपल्या देशात टीबी हे याचं एक महत्त्वाचं कारण आहे. सकाळी ८ च्या सुमाराची कॉर्टिसॉल (ॲड्रिनलचं मुख्य हार्मोन), सोडियम आणि पोटॅशियम इथून शोध सुरू होतो. दुसरा आजार शीहान, यात मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला इजा होते. बाळंतपणात खूप रक्त गेलं, मग दूध आलंच नाही, पाळी परत आली नाही, आणि बाई वर्षानुवर्षं थकलेली. तिला बाळंतपणाबद्दल कुणी विचारतच नाही, कारण मूल आता दहावीत असतं.

आता माझा आवडता मुद्दा, सलाइन. 'सलाइन लावली की दोन दिवस बरं वाटतं' हे वाक्य गावोगावी ऐकू येतं, आणि आपण ते अशक्तपणाच्या खात्यात टाकतो. पुन्हा पुन्हा असं होत असेल तर तीच एक खूण आहे. शरीरात मीठ-पाणी टिकत नाहीये किंवा रक्त वर चढत नाहीये. पॉट्समध्ये असं होतं, ॲडिसनमध्येही होतं. फरक असा की ॲडिसनचं निदान चुकलं तर साध्या तापात किंवा जुलाबातही जीव जाऊ शकतो. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या महिनोन्महिने खाऊन अचानक बंद केलेल्यांचंही असंच होऊ शकतं, कारण अशा पुड्यांत कित्येकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं.

तिसरी बाजू माझ्या रोजच्या कामाची, कनेक्टिव्ह टिश्यू. हा त्रास मागच्या मार्चमध्ये सुरू झाला असं कुणी सांगत नाही, तो जन्मापासून सोबत असतो. शाळेत अंगठा मागे वाकवून मनगटाला टेकवणारी, योगासनांच्या वर्गात बाई जिला सगळ्यांसमोर उभं करतात ती मुलगी. आईचंही तसंच, मामाला दोनदा हर्निया. सांध्यांची ढिलाई मोजायला ९ गुणांचा बायटन स्कोअर आहे, मोठ्यांमध्ये ५ किंवा जास्त आले तर सांधे जास्त लवचीक समजतात. पण नुसती लवचीकता हा आजार नाही. एहलर्स-डॅन्लॉस या कनेक्टिव्ह टिश्यूच्या जन्मजात आजाराचे १३ प्रकार २०१७ च्या वर्गीकरणात आहेत, आणि त्यातल्या सर्वात जास्त आढळणाऱ्या हायपरमोबाइल प्रकाराचा जीन अजून सापडलेला नाही. त्यामुळे रक्ताच्या एका चाचणीत तो 'निघतो' असं सांगणाऱ्यापासून दूर राहा. उंच, लांबलचक बोटांच्या माणसाच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर मार्फनचा (कनेक्टिव्ह टिश्यूचाच आजार, यात महाधमनी फुगून फाटू शकते) विचार करून महाधमनीचा इको करायलाच हवा. असा माणूस माझ्याकडे आला तर मी त्याचे व्यायाम सुरूच करत नाही, आधी हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवते.

हे तिन्ही एकमेकांत मिसळतातही. ढिल्या सांध्यांच्या लोकांत पॉट्स बऱ्याचदा दिसतो, आणि पॉट्स पाळीच्या आसपास बळावतो. म्हणून पाळीआधी चक्कर वाढते यावरून 'हार्मोनल' असा शिक्का मारणं घाईचं आहे. उलट बाजूही सांगते. तीन-चार अवघड नावं एकत्र बांधून 'तुम्हाला हे सगळं आहे' म्हणणाऱ्या रील्सचा मला तितकाच वैताग येतो. त्यांतला पॉट्ससाठीचा 'मीठ वाढवा' हा सल्ला ऐकून बीपी जास्त असलेल्या बाईने मीठ वाढवलं तर निस्तरायचं कुणी?

तेव्हा आधी एका चांगल्या फिजिशियनकडे जा, स्पेशालिस्टांची रांग नंतर. सोबत एक कागद न्या: पडून आणि उभं राहून घेतलेले आकडे, पाळीच्या तारखा, लहानपणापासूनचे निखळलेले सांधे, घरात कुणाला काय, आणि खाल्लेली प्रत्येक गोळी, पुडी, काढा. डॉक्टरांनी तो न वाचताच बाजूला ठेवला तर डॉक्टर बदला, माझी हरकत नाही.

आणि कृपया रिपोर्टचे फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवू नका. खांद्याबद्दल काय ते विचारा.