‘कारकुनी’ लेखाला आणखी थोडं कारकुनी उत्तर

‘एक जुना वाचक’ या नावाने लिहिणाऱ्या महोदयांस,

नव्वदच्या दशकातल्या अमेरिकी रॅप कंपनीवरच्या, म्हणजे डेथ रो रेकॉर्ड्सवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत त्याचं उत्तर प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून इथे लिहितो. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एक, लेखात सालाची चूक आहे. दोन, ‘जी कंपनी गोळीने संपली ती तुम्ही चोपडीने संपवताय, हे कारकुनी लिखाण आहे.’ तीन, कंपनीचा मालक शुग नाइट याच्यासारख्या गुंडाला मी उद्योजक करून टाकलं आणि निर्माता-रॅपर डॉ. ड्रे याने जिला मारलं त्या बाईचा उल्लेखही केला नाही. चार, हे सगळं मराठीत कशाला. शेवटी ‘आधी अभ्यास वाढवा’ आणि वर जोडलेले हात.

सालाचं मान्य. कंपनीचा रॅपर स्नूप याचा ‘डॉगीस्टाइल’ अल्बम २३ नोव्हेंबर १९९३ला आला, मी १९९४ लिहिलं होतं. दुरुस्त केलं, आभारी आहे. पण एका ओळीत सांगून झालं असतं ते तुम्ही ‘ज्याला साल धड माहीत नाही तो काय इतिहास सांगणार’ असं सांगितलंत. साल चुकणं वेगळं आणि समज चुकणं वेगळं. माझं साल चुकलं होतं.

आता ‘कारकुनी’. हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलाय. रॉयल्टीची स्टेटमेंटं तपासणं हे माझं रोजचं काम आहे, गेली कित्येक वर्षं, त्यामुळे मला त्याची लाज वाटण्याचं कारण नाही. कारकून नसला की काय होतं, हीच तर डेथ रोची गोष्ट आहे.

तुमच्या गोळीपासूनच सुरू करू. कंपनीचा रॅपर तुपाक शकूर याच्यावर लास व्हेगासमध्ये ७ सप्टेंबर १९९६च्या रात्री गोळ्या झाडल्या गेल्या, १३ तारखेला तो गेला. ५ नोव्हेंबरला ‘माकावेली’ नावाने त्याचा अल्बम आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात स्नूपचा दुसरा अल्बम आला, तोही पहिल्या क्रमांकावर. म्हणजे तुमच्या हिशेबाने सप्टेंबरात ‘संपलेल्या’ कंपनीने नोव्हेंबरात लागोपाठ दोन अल्बम अमेरिकेच्या यादीत अव्वल नेले. दुकानात माल विकला जात होता, पैसा येत होता. आणि त्याच सुमारास अमेरिकन एक्सप्रेससारखी कंपनी कार्डाच्या थकलेल्या बिलांसाठी कोर्टात जात होती. हे गोळीने कसं समजावून सांगायचं ते सांगा.

आणि ड्रे? या कंपनीचा आवाज ज्याने घडवला तो मार्च १९९६मध्ये बाहेर पडला. गोळीच्या सहा महिने आधी. आपला हिस्सा सोडून, हात हलवत. भरभराटीच्या धंद्यातला मालकीचा वाटा माणूस उगाच सोडत नाही.

रेकॉर्ड कंपनी आणि कलाकार यांच्यातला व्यवहार ऊसतोडीच्या मुकादमाकडच्या उचलीसारखा असतो. आधी पैसे हातात पडतात, मग वर्षभर ते फिटत नाहीत. नव्वदच्या दशकातल्या नेहमीच्या कलमांचं एक काल्पनिक उदाहरण घ्या, आकडे फक्त समजण्यापुरते. सीडीची किंमत १६ डॉलर. पहिली कात्री वेष्टनाची: सीडीसाठी २५ टक्के, म्हणजे हिशेब १२ डॉलरवर. कलाकाराचे १२ टक्के, पण त्यातले ३ निर्मात्याचे, उरले ९. म्हणजे एका सीडीमागे १ डॉलर ८ सेंट. वर ‘फुटतुटी’चे १० टक्के वजा. हे कलम लाखेच्या तबकड्या वाटेत फुटत तेव्हाचं, सीडी फुटत नाही तरी करारात तसंच पडून. राहिले साधारण ९७ सेंट. पाच लाख सीडी विकल्या तर ४ लाख ८६ हजार डॉलर. त्यातला चौथा हिस्सा दुकानांतून माल परत आला तर म्हणून अडकवून ठेवायचा. हातात ३ लाख ६४ हजार ५००. आता वळती: स्टुडिओचे ३ लाख, उचल दीड लाख, व्हिडिओच्या खर्चाचा निम्मा वाटा १ लाख. एकूण साडेपाच लाख. म्हणजे पाच लाख सीडी विकणारा गायक कंपनीला अजून १ लाख ८५ हजार ५०० डॉलर देणं लागतो. यात कोणी कोणाला फसवलेलं नाही. सगळं करारातलं आहे.

आता याच खात्यात घराचं भाडं टाका, गाडी टाका, गळ्यातल्या साखळ्या टाका, वकिलाची फी टाका. ही भेट आहे की कर्ज, हे त्या वेळी कोणीच लिहून ठेवत नाही, लिहिलं जातं ते नंतर, एकाच बाजूने. डेथ रोमध्ये नेमकं हेच झालं. तुपाक गेल्यावर त्याची आई अफेनी शकूर हिशेब मागायला गेली तेव्हा तिला दिसलं काय, तर तिच्या मुलाचंच कंपनीकडे लाखो डॉलरचं देणं. ज्याच्या दुहेरी अल्बमवर त्या वर्षी कंपनी चालली होती तो मुलगा! त्याचा करार आठवा: न्यू यॉर्क राज्यातल्या डॅनेमोराच्या तुरुंगात, हाताने लिहिलेला, तीन अल्बमांचा, ऑक्टोबर १९९५मध्ये १४ लाख डॉलरच्या जामिनावर सुटण्याच्या बदल्यात. कंपनीचा वकील तोच त्याचा वकील, कंपनीचा मालक तोच त्याचा मॅनेजर. अशा कागदावर हिशेब विचारायचा कोणी आणि कोणाला? अफेनीने १९९७मध्ये कोर्टात नेलं आणि अप्रकाशित गाणी सोडवून आणली. गोळीने नाही, दाव्याने.

तुम्ही म्हणाल, शुग तुरुंगात गेला तो त्याच रात्रीमुळे. गेला. गोळीबाराआधी एमजीएम ग्रँड या हॉटेलच्या लॉबीत ऑरलँडो अँडरसन नावाच्या तरुणाला शुग आणि त्याच्या माणसांनी केलेली मारहाण कॅमेऱ्यात आली, आधीच्या शिक्षेत मिळालेल्या सवलतीच्या अटी मोडल्या आणि फेब्रुवारी १९९७मध्ये नऊ वर्षं लागली. पण मालक आत गेला की दुकान बसतं ते कुठलं? जिथे सही करणारा हात एकच असतो. डेथ रोचा माल दुकानांत पोहोचवणाऱ्या इंटरस्कोप कंपनीने त्याच वर्षी वितरण थांबवलं. टाइम वॉर्नरने सी. डेलोरेस टकर आणि विल्यम बेनेट यांनी रॅपच्या शब्दांविरुद्ध केलेल्या गदारोळानंतर १९९५मध्येच इंटरस्कोपमधला आपला निम्मा हिस्सा विकला होता. इशारा दोन वर्षं आधी मिळालेला होता.

बरं, खरा घाव तर पुढेच आहे आणि त्याबद्दल तुमच्या लांबलचक प्रतिक्रियेत एक अक्षर नाही. मायकल हॅरिस, म्हणजे हॅरी-ओ. तुरुंगात असताना आपण १५ लाख डॉलर घालून ही कंपनी उभी केली, निम्मी आपली, असा त्याचा दावा. त्याची बायको लिडिया कोर्टात गेली आणि २००५मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टाने तिच्या बाजूने १० कोटी ७० लाख डॉलरचा निकाल दिला. आता नीट वाचा, घाईत वाचू नका: हा निकाल साक्षी-पुरावे तपासून ‘पैसे हॅरिसचेच होते’ असं ठरवून झालेला नाही. कोर्टाने मागितलेली माहिती आणि कागदपत्रं शुगने दिली नाहीत, म्हणून त्याचा बचावच काढून टाकला आणि रक्कम लावली. दहा कोटी डॉलर, कागद दाखवला नाही म्हणून! एप्रिल २००६मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. जुलैत न्यायाधीशांनी कारभार घोर ढिसाळ असल्याचं सांगून कंपनी विश्वस्ताच्या हाती दिली. आणि शुगने स्वतः सांगितलं की कंपनीचे आर्थिक कागद आपण निदान दहा वर्षं पाहिलेले नाहीत.

२००६मधून दहा वजा करा. कुठलं साल येतं? सालांबद्दल तुम्ही दक्ष आहात म्हणून विचारतो.

धाकाने धंदा चालतो अशी तुमची एक समजूत दिसते (‘त्याला हिशेबाची गरजच नव्हती, तो शुग होता’). १९९१चं उदाहरण घ्या. ड्रेला रुथलेस या त्याच्या आधीच्या कंपनीतून सोडवणाऱ्या कागदांवर तिचा मालक, रॅपर ईझी-ई याची सही धमकावून घेतली, असा ईझीचा आरोप होता. तो कोर्टात गेला, संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखालचा तो दावा टिकला नाही. पण पुढे तडजोड झाली आणि ड्रेच्या कमाईतला वाटा रुथलेसकडे जात राहिला. १५ डिसेंबर १९९२ला आलेल्या ‘द क्रॉनिक’च्या विक्रीवर ईझी घरबसल्या कमावत होता आणि तसं गाण्यातून चिडवूनही सांगत होता. धाकाने सही मिळते. तिने व्यवहार मिटत नाही.

उलट बाजू पाहा. ड्रेने १९९६मध्ये बाहेर पडताना केलेला कागद. त्यात कंपनीला ‘द क्रॉनिक’ विकायची मुभा होती ती त्या वेळी ज्या स्वरूपांत तो विकला जात होता तेवढ्यापुरतीच. १९९६मध्ये डाउनलोड नव्हतं. दिवाळखोरीतून कंपनी १ कोटी ८० लाख डॉलरला २००९मध्ये कॅनडाच्या वाइडअवेकने घेतली आणि अल्बम डिजिटल विकायला सुरुवात केली. २०११मध्ये कोर्टाने त्या विक्रीचा सगळा पैसा ड्रेचा ठरवला. टक्केवारी नाही, सगळा. पंधरा वर्षांपूर्वीच्या एका कलमातल्या दोन-चार शब्दांवर! हे कोणीतरी कारकुनासारखं बसून लिहिलेलं होतं.

आता उरलेलं पटपट.

शुगला मी उद्योजक म्हटलं यावर तुमचा संताप. व्यवसाय करणाऱ्याला काय म्हणायचं असतं? २०१५मध्ये कॉम्प्टनमध्ये त्याने गाडीखाली माणूस मारला आणि २०१८मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली, हे लेखात आहे, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तिथपर्यंत वाचलं असतंत तर दिसलं असतं. डी बार्न्स या टीव्ही निवेदिकेला ड्रेने १९९१मध्ये केलेल्या मारहाणीचं म्हणाल, तर ते गंभीर आहे, पण माझा विषय कंपनीचे हिशेब हा होता. त्यावर वेगळं लिहायला हवं, कदाचित लिहीनही.

‘मराठीत कशाला’ याला खरं तर उत्तर देऊ नये. तरी एक सांगतो. हाच ड्रे, आफ्टरमॅथ ही त्याची पुढची कंपनी, २००२. ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या गाण्यात १९८१च्या ‘ज्योती’ चित्रपटातल्या, बप्पी लाहिरींच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला गेला. आवाज लता मंगेशकरांचा. प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेलं आणि लाहिरींचं नाव घातल्याशिवाय विक्री नको असा मनाई हुकूम निघाला. तुकडा एकच, पण हक्क दोन वेगवेगळे: ध्वनिमुद्रणाचा एक, रचनेचा दुसरा, आणि दोन्हींची परवानगी वेगळी घ्यावी लागते. आपल्याकडे एका जागेचे दोन मालक निघावेत तसं. हे मराठी वाचकाला कळू नये असं तुम्हाला का वाटतं, ते तुम्हीच जाणे.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘एवढा हिशेब माहीत आहे तर आज मालक कोण ते सांगा.’ वाइडअवेकनंतर ते नाव एंटरटेनमेंट वनकडे गेलं. ती कंपनी २०१९मध्ये हॅसब्रोने घेतली, म्हणजे मोनोपॉलीचा पट विकणारी खेळण्यांची कंपनी काही काळ डेथ रोची मालकीण होती. २०२१मध्ये तो संगीताचा धंदा ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने घेतला आणि फेब्रुवारी २०२२मध्ये नाव स्नूपने विकत घेतलं. १९९८मध्ये जो इथून निघून गेला होता, तोच.

सालाची दुरुस्ती लेखाखाली नोंदवली आहे. दुरुस्ती सुचवणाऱ्याचं नाव देण्याची माझी पद्धत आहे, पण ते तुम्ही लिहिलेलं नाही.