एसीतून उत्तर

'एक सुजाण वाचक' यांस,

मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत : "मानसशास्त्रज्ञांनी मुलांचं समुपदेशन करावं, शासनाच्या धोरणात नाक खुपसू नये. एसीत बसून विदर्भावर लिहिणं सोपं असतं. आकडेवारी नाही, सालही चुकलंय."

सालाचं मान्य. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. दुरुस्ती केली आहे. आभार.

आता एसी. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. बाबांची सहा एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी आणि तूर. दिवाळीच्या आगेमागे आम्ही बहिणी शाळा बुडवून कापूस वेचायला जायचो. बोंडांच्या टोकांनी बोटं चिरायची, दुसऱ्या दिवशी पेन धरला की झोंबायचं. आज मुलांना भेटते त्या खोलीत कूलर आहे, तोही लाइन असली तर. टीका खुशाल करा हो, पण 'नाक खुपसू नये'? आमच्या गावात असं बोलणाऱ्याला म्हातारी माणसं ओसरीवरून उठवायची.

का खुपसते, तेही ऐका. पाचवीतला एक पोरगा माझ्याकडे यायचा. वडिलांनी फवारणीचं औषध घेतलेलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना सरकार देतं त्या मदतीच्या प्रकरणावर शेरा पडला, 'अपात्र'. कर्ज नातेवाइकांकडून घेतलेलं, कागद कुठून आणणार? एक लाख रुपये गेलेच. पोरगा खोडरबरात नख रुतवत म्हणाला, "मॅडम, अपात्र म्हंजे माहा बाप खोटाच मेला का?" करा आता समुपदेशन! त्याला दीर्घ श्वास घ्यायला शिकवू, की घरी जाणाऱ्या कागदावरचा तो शब्द बदला म्हणून कचेरीत जाऊ? मी गेले. तिथल्या साहेबांनी तुमचंच वाक्य ऐकवलं. फक्त त्यांनी आधी बसायला खुर्ची दिली.

आणि ही माझी एकटीची खोड नाही. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने कृष्णवर्णीय मुलांपुढे काळ्या-गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेकांनी गोरीला 'चांगली' म्हटलं. १९५४ साली वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकालाच्या तळटीपेत केनेथ क्लार्कांच्या लेखनाचा आधार घेतला. तेही खोलीत बसून समुपदेशनच करत राहिले असते, तर तुम्हाला चाललं असतं बहुधा.

आकडेवारीचं पुन्हा कधी. तो लेख आकड्यांचा नव्हताच.

पुढच्या वेळी मात्र खरं नाव लिहा. सुजाण आहात की नाही, ते आम्ही ठरवू.