कर्जरोखे घेणाऱ्याला जो हिशेब मिळतो, तो मिळकतकर भरणाऱ्यालाही द्या

महापालिकेचं अंदाजपत्रक आलं की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एकच आकडा मोठ्या टायपात असतो. पुण्याचा 2025-26 चा आकडा होता 12,618 कोटी. आमच्या सकाळच्या कट्ट्यावर त्यावर अर्धा तास चर्चा झाली. कुठे उड्डाणपूल, कुठला रस्ता रुंद होणार वगैरे. पण आदल्या वर्षी जमा किती धरली होती आणि प्रत्यक्षात आली किती, हे कोणीच विचारलं नाही. मी अकरा वर्षं सोसायटीचा खजिनदार होतो. वार्षिक सभेत मागच्या वर्षाचा हिशेब न देता नुसते पुढच्या वर्षाचे अंदाज वाचले असते, तर सभासदांनी मला तिथेच थांबवलं असतं. शहराच्या बाबतीत मात्र आपण ते चालवून घेतो.

म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. विषय रुक्ष वाटेल, तरी वाचा.

जून 2017 मध्ये पुणे महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले, म्हणजे गुंतवणूकदारांकडून ठरावीक व्याजाने, ठरावीक मुदतीसाठी कर्ज घेतलं. व्याज 7.59 टक्के, मुदत 10 वर्षं, नोंदणी मुंबई शेअर बाजारात. ही नुसती सुरुवात होती. टप्प्याटप्प्याने 2,264 कोटी उभारायचा विचार होता. महापालिकांनी असं कर्ज घेणं काही तेव्हा नवीन नव्हतं. बंगळूरने 1997 मध्ये राज्य सरकारच्या हमीवर रोखे काढले होते, अहमदाबादने 1998 मध्ये हमीशिवाय, आणि पाठोपाठ आपल्या नाशिकनेही. पण 2015 मध्ये शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने नियम घालून दिल्यावर पहिलं मोठं पाऊल पुण्याने टाकलं. केंद्राने त्याबद्दल 26 कोटींचं प्रोत्साहन अनुदानही दिलं.

पुढे काय झालं ते पुणेकरांना आठवत असेल. त्याच वर्षी जलवाहिन्यांच्या निविदा जादा दराने आल्या, रद्द झाल्या, फेरनिविदा काढाव्या लागल्या. काम सुरूच झालेलं नव्हतं, त्यामुळे रोख्यांचे पैसे बँकेत ठेवी म्हणून पडून राहिले. 200 कोटींवर 7.59 टक्के म्हणजे वर्षाला 15 कोटी 18 लाख व्याज, आणि ठेवीवर मिळणारं व्याज त्याहून कमी. मधला फरक आपल्या करातून गेला.

यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की महापालिकेने कर्ज काढूच नये. मला हे पटत नाही. आज जमिनीखाली टाकलेली जलवाहिनी चाळीस-पन्नास वर्षं चालते. 2035 साली बालेवाडीत राहायला येणारं कुटुंबही त्याच नळाचं पाणी पिणार आहे. मग सगळा खर्च आजच्याच करदात्याने का सोसायचा? लांब टिकणाऱ्या कामासाठी लांब मुदतीचं कर्ज हे न्याय्यच आहे. आधी जागा ताब्यात, निविदा मंजूर, मग पैसे, हा क्रम तेवढा पाळायला हवा होता. टाक्यांच्या जागांसाठी आणि रस्ते खोदाईच्या परवानग्यांसाठी ही योजना पुढे वर्षानुवर्षं अडत राहिली. पिंपरी-चिंचवडने 2023 मध्ये 200 कोटी आणि 2025 मध्ये पर्यावरणपूरक कामांसाठीच्या हरित रोख्यांतून आणखी 200 कोटी उभारले आहेत. त्यांच्या नागरिकांनीही पहिल्या दिवसापासून हाच क्रम विचारावा.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच आहे. रोखे घेणाऱ्याला काय काय मिळतं ते पाहा. त्याला पालिकेचं पतमानांकन, म्हणजे ती कर्ज फेडू शकेल का याचा दर्जा, मिळतं, मागच्या वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मिळतात. त्याच्या व्याजासाठी पालिकेचं उत्पन्न आधी वेगळ्या खात्यात बाजूला काढलं जातं. त्याने दिलेला पैसा ज्या प्रकल्पासाठी दिला त्यावरच खर्च करावा लागतो. व्याजाची तारीख चुकली तर पत घसरते आणि सगळ्या बाजाराला ते कळतं.

आता सवलतीच्या मुदतीत रांगेत उभं राहून मिळकतकर भरणाऱ्या माणसाच्या रुपयाचं काय होतं? त्याचं वर्गीकरण होतं. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका कामासाठी अंदाजपत्रकात ठेवलेली रक्कम स्थायी समिती आणि मुख्य सभेत ठराव करून दुसऱ्या कामाकडे वळवली जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये असे ठराव गठ्ठ्याने येतात. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ‘स’ यादी असतेच. नाल्याच्या भिंतीचे पैसे चांगल्या फुटपाथवर पुन्हा पेव्हिंग ब्लॉक बसवायला गेले, तरी कागदावर सगळं नियमात बसतं. भिंत मात्र पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात नव्याने दिसते. नागरिकाला वाटतं, अरे वा, आपलं काम आलं!

मार्च 2022 पासून निवडणुकाच नसल्याने प्रशासकच अंदाजपत्रक मांडायचे आणि प्रशासकच मंजूर करायचे, तेव्हा प्रश्न विचारणारंही कोणी उरलं नव्हतं. आता जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर सभागृह पुन्हा भरलंय. म्हणून माझी मागणी आताच आहे. अंदाजपत्रकाबरोबर प्रत्येक मोठ्या भांडवली कामाचं एक पान छापा. मूळ खर्च किती, सुधारित किती, आजवर गेले किती, अजून किती वर्षं लागणार, आणि त्यातून किती पैसे वर्गीकरणाने बाहेर गेले किंवा आत आले, कोणत्या ठरावाने. पूल झाल्यावर त्याच्या देखभालीचे पैसे कुठून येणार, तेही त्याच पानावर. ही सगळी माहिती पालिकेच्या लेखा विभागात आहे. ती नव्याने शोधायची नाही, फक्त मराठीत, एका जागी मांडायची आहे.

नागरिकांकडून कामं सुचवून घेण्याची पद्धत पुण्यात 2006 पासून आहे. यंदा आमच्या सोसायटीतले आम्ही सहा जण क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायला जाणार आहोत, आणि त्याच दिवशी प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना सह्यांचं पत्र देणार आहोत. मसुदा कमेंटमध्ये टाकतो, ज्यांना वापरायचा त्यांनी खुशाल वापरा. 2017 च्या त्या 200 कोटींची मुदत जून 2027 मध्ये संपते. पत्रातला पहिला प्रश्न तोच आहे: मुद्दल फेडण्यासाठी बाजूला काढून ठेवलेले पैसे आज किती आहेत आणि कोणत्या खात्यात आहेत?