शेतात आलेले रानडुक्कर आणि ‘परवानगी लागत नाही’ हा दावा

भात पसवले की कोकणात एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: सरकारने रानडुकराला उपद्रवी ठरवले आहे, त्यामुळे ते आपल्या मालकीच्या जमिनीत शिरले तर मारायला कोणाचीही परवानगी लागत नाही, शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना असला की पुरे, मारलेले जनावर शेतकऱ्याचेच, आणि अमेरिकेतल्या टेक्सासमध्येही हाच कायदा आहे.

हा संदेश ज्या रागातून पुढे पाठवला जातो तो राग मला परका नाही. कापणीला आठ दिवस उरलेल्या कुणग्यात सकाळी पाऊल टाकावे तर लोंब्या चिखलात लोळवलेल्या, बांध नाकाडाने उकरलेला, आणि ओल्या मातीत दोन खुरांमागे उपखुरांचे दोन ठिपके उमटलेले, हे मी पाहिलेले आहे. म्हणूनच चुकीच्या माहितीपायी त्याच शेतकऱ्यावर गुन्हा दाखल होऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

पहिला मुद्दा ‘उपद्रवी’ या शब्दाचा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 62 खाली एखाद्या प्राण्याला उपद्रवी घोषित करण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला आहे, आणि तशी घोषणा ठराविक क्षेत्रासाठी व ठराविक मुदतीसाठीच होते. रानडुकराबाबत अशी अधिसूचना डिसेंबर 2015 मध्ये बिहारसाठी आणि फेब्रुवारी 2016 मध्ये उत्तराखंडसाठी निघाली होती. दोन्हींची मुदत एका वर्षाची होती आणि महाराष्ट्राशी त्यांचा काही संबंध नव्हता. केरळने अशीच मागणी वारंवार केली, ती केंद्राने मान्य केली नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे या कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे, म्हणजे ते संरक्षित आहे.

जमीन आपली असली म्हणून तिच्यावर आलेले जनावर आपले होत नाही. कलम 9 ची शिकारबंदी सातबारा कोणाच्या नावावर आहे हे पाहत नाही. ‘शिकार’ या शब्दाची कायद्यातली व्याख्याही फार रुंद आहे: मारणे, जखमी करणे, पकडणे, विष घालणे, फासा लावणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे हे सारे तिच्यात येते. मात्र संदेश लिहिणाऱ्याने जे शोधायला हवे होते ते याच कायद्यात, कलम 11 (1) (ख) मध्ये आहे. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी मानवी जीविताला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी, कारणे नमूद केलेल्या लेखी आदेशाने, ठराविक क्षेत्रात तो प्राणी किंवा त्याचा कळप मारण्याची परवानगी देऊ शकतो. आणि मालमत्तेत कोणत्याही जमिनीवरील उभे पीकही येते, हे त्या कलमात शब्दशः लिहिलेले आहे. म्हणजे उभ्या पिकाची दखल कायद्याने घेतलेलीच आहे. फक्त आदेश आधी, बार नंतर.

बंदुकीविषयीचा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो ‘परवाना’ या एकाच शब्दातून निघालेला आहे. शस्त्र अधिनियम, 1959 खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीला परवाना देण्याची तरतूद करतो, आणि कोकणात अशा बंदुका घरोघरच्या माळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण तो परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. बार काढून जनावर पळवून लावणे वेगळे आणि नेम धरून मारणे वेगळे. शिकारीचा म्हणून जो परवाना पूर्वी मिळत असे, तो 1991 च्या दुरुस्तीने रद्दच झाला. आज भारतात शिकारीचा परवाना नावाची गोष्ट उरलेली नाही. आहे ती फक्त वर सांगितलेली लेखी परवानगी.

स्वसंरक्षणाचा आधार काही जण देतात. डुक्कर अंगावर आले आणि स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना सद्भावनेने ते मारले गेले, तर कलम 11 (2) नुसार तो गुन्हा नाही. ही सूट माणसाच्या बचावासाठी आहे, पिकाच्या नव्हे.

मांसाचे उत्तर एका वाक्यात देता येते: परवानगी घेऊन मारलेले किंवा स्वसंरक्षणात मेलेले, दोन्ही जनावरे सरकारी मालमत्ता ठरतात, त्यामुळे वाटे घातले की कायदेशीर कृत्यही गुन्ह्यात जाते. या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

आता टेक्सास. तिथे सप्टेंबर 2019 पासून खासगी जमिनीत, जमीनमालकाच्या संमतीने, डुक्कर मारायला शिकार परवाना लागत नाही हे खरे आहे. सार्वजनिक जमिनीवर मात्र तो लागतो. पण तिथले डुक्कर त्या भूमीचे नव्हेच. स्पॅनिश लोकांनी नेलेली पाळीव डुकरे रानटी झाली, पुढे शिकारीसाठी आणलेल्या युरोपीय रानडुकरांशी त्यांचा संकर झाला, आणि तो परका उपद्रव म्हणूनच तिथे मोजला जातो. आपले रानडुक्कर इथल्याच रानातले, वाघ-बिबट्याचे भक्ष्य आहे. तिथला नियम इथे लावताना हा फरक गाळून चालणार नाही.

‘अर्ज करून काही होत नाही’ ही तक्रार मात्र मी खोडून काढणार नाही. विलंब होतो, आणि हातातोंडाशी आलेले पीक विलंब सोसत नाही. तरीही त्यावर वायरीचा फासा किंवा कुंपणात सोडलेली वीज हा उपाय नव्हे. फाशात बिबट्या अडकतो, आणि विजेच्या तारेला पहाटे पाणी लावायला निघालेला शेजारी चिकटतो. नुकसान दिसताच बांधाचे, लोंब्यांचे आणि खुरांच्या ठशांचे फोटो काढावेत, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात भरपाईचा एक आणि कलम 11 खालील परवानगीचा एक असे दोन वेगळे अर्ज द्यावेत, पंचनाम्याच्या वेळी शेतात स्वतः हजर राहावे, आणि दोन्ही अर्जांच्या प्रतींवर तारखेसह शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून उठू नये.