तासगावच्या कोल्ड स्टोरेजवाल्या साहेबांच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही लिहिलंय की ५६के (सेकंदाला ५६,००० बिट) म्हणून मोडेम, म्हणजे फोनच्या लाईनवरून माहिती पाठवणारं यंत्र, विकला, जोडणी सेकंदाला ३३,६०० बिटांवरच झाली, वर मी वेग आणखी उतरवून १९,२०० केला, केबलचे साडेसहाशे वेगळे लावले आणि पाऊस आला की लाईन तरीही तुटते. यातलं काहीच खोटं नाही. पहिल्या बाबतीत तर चूक सरळ माझी आहे. खोक्यावर ५६के छापलेलं असतं. तुमच्या कामात तो आकडा मिळणार नाही, हे मी पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं. माफ करा. मोडेम नको असेल तर परत घेऊन पूर्ण पैसे देतो.

५६के, म्हणजे १९९८ चं व्ही.९० मानक, समोरचं टोक टेलिफोन एक्स्चेंजला थेट डिजिटल जोडलेलं असेल तरच चालतं, आणि तेही उतरत्या दिशेलाच, म्हणजे त्या टोकाकडून आपल्याकडे येताना. इंटरनेट देणाऱ्यांकडे तशी जोडणी असायची. तुमचं मार्केट यार्डातलं ऑफिस आणि तासगावचं स्टोरेज, दोन्हीकडे साधी तांब्याची लाईन आहे. आवाज एक्स्चेंजमध्ये पोचल्यावर त्याचे आकडे केले जातात आणि त्यात थोडं हरवतंच. म्हणून अशा दोन लाईनींमध्ये ३३,६०० च्या वर कुठल्याही कंपनीचा मोडेम जात नाही.

केबलबद्दल मात्र मी ठाम आहे. बेदाण्याच्या खोल्यांच्या तापमानाच्या रात्रीच्या नोंदी मधूनच गायब होत होत्या, ही तुमची मूळ तक्रार. नोंदी पाठवणाऱ्या यंत्राला मोडेमशी जोडणारी जुनी केबल तीन तारांची होती. यंत्राचा पोर्ट (केबल लागते ते तोंड) १,१५,२०० वर ठेवलेला, फोनची लाईन त्याहून कितीतरी सावकाश, आणि मोडेमने यंत्राला 'थांब' सांगायला तारच नाही. मग मोडेमचा बफर, म्हणजे तात्पुरती साठवण, भरला की पुढच्या ओळी सांडायच्या. आता आरटीएस-सीटीएसच्या, म्हणजे 'थांब' आणि 'पाठव' सांगणाऱ्या, तारा असलेली केबल आहे आणि त्या तारा वापरणारं हार्डवेअर फ्लो कंट्रोल दोन्हीकडे चालू आहे. हे न करता नुसता मोडेम बदलला असता तर नोंदी तशाच गळत राहिल्या असत्या.

वेग मी मुद्दाम उतरवला. तुमची रात्रीची फाईल साधारण ४० केबीची. १९,२०० ला ती सतरा-अठरा सेकंदांत येते, ३३,६०० ला दहा-अकरा. त्या सात सेकंदांसाठी मोडेम लाईनच्या अगदी कडेवर चालवला, की जरा खरखर झाली तरी मोडेम पुन्हा जुळवाजुळव करत बसतात आणि वाचवलेला वेळ तिथेच जातो. मोडेममधलं एस१० रजिस्टर नावाचं सेटिंगही ५० केलंय, म्हणजे कॅरियर (समोरच्या मोडेमचा सूर) गेला तर मोडेम फोन ठेवण्याआधी पाच सेकंद वाट बघतो. आधी तो दीड सेकंदही थांबत नव्हता.

पावसाचं दुखणं सेटिंगने जाणार नाही. रिसीव्हर उचला, एक आकडा दाबा, डायल टोन गेल्यावर ऐका. त्या शांततेत खरखर आली तर कुठेतरी जोडात पाणी शिरतंय. तासगावला वॉचमनच्या खोलीत त्याच लाईनवरचा दुसरा (पॅरलल) फोन आहे, तोही काढून बघायचाय. तिथे कुणी रिसीव्हर उचलला तरी जोडणी तुटते.

शनिवारी सकाळी मी स्वतः तासगावला येतो, येण्याचे पैसे नाहीत. वॉचमनच्या खोलीची किल्ली तेवढी ठेवायला सांगा.